गप्प टॅपेट

घरातली एखादी वस्तू आवाज करू लागली की आपण लगेच कान टवकारतो. पंखा कुरकुरला, मिक्सर घरघरला, फ्रीज गुरगुरला, की मिस्त्रीला निरोप जातो. मिस्त्री येतो, कुठेतरी काहीतरी पिळतो, आवाज बंद होतो आणि आपण खुशीने त्याच्या हातावर पैसे ठेवतो. आवाज गेला म्हणजे दुखणे गेले, हा हिशेब आपल्या मनात इतका पक्का बसला आहे की याच्या उलटही असू शकते, असे कोणी सांगितले तर पटत नाही. मला ते पटले एका जुन्या डिझेल ॲम्बेसेडरमुळे आणि माझ्या वडिलांमुळे.

ॲम्बेसेडरची ओळख करून द्यायची वेळ येईल असे पूर्वी कोणाला वाटले नसते. पण माझ्या भाचरांनी ती फक्त सिनेमात पाहिली आहे, तेव्हा दोन शब्द सांगते. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड मोटारीवरून बेतलेली ही गाडी कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५८ च्या सुमारास तयार होऊ लागली आणि २०१४ च्या मे महिन्यात कारखान्याचे काम थांबेपर्यंत होत राहिली. डिझेलवर चालणारी पहिली देशी मोटार म्हणूनही हिचेच नाव घेतले जाते. त्या डिझेल इंजिनाची जातही विलायती, १४८९ सी.सी.ची. आवाज असा, की गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच घरात चहाचे आधण चढायचे.

आमची गाडी १९९३ सालची. आप्पांनी ती २००० साली जुनी म्हणूनच घेतली. मिरजेजवळच्या गावात आमची पिठाची गिरणी होती. धान्याची चार पोती डिकीत, मागे आजी, आई आणि आम्ही तिघी बहिणी, पुढे आप्पा आणि वाटेत भेटलेला कोणी ना कोणी, अशी ती गाडी चालायची. १५ वर्षे उलटल्यावर दर पाच वर्षांनी आर.टी.ओ.त नेऊन नोंदणी वाढवून घ्यावी लागते, ती कटकटही आप्पा हौसेने करतात. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, त्या रात्री त्यांचा मला दिल्लीला फोन आला. 'आपल्या गाडीला तर काही धोका नाही ना?' बातमी दिल्लीची होती, गाडी मिरजेची होती, पण बाप तो बाप.

तर टॅपेट. पुस्तकात या कामाला व्हॉल्व्हचा क्लिअरन्स तपासणे म्हणतात. गॅरेजात असे कोणी म्हणत नाही. तिथे 'टॅपेट सेट करणे' हाच शब्द. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा असतात, एक हवा आत घेणारी, दुसरी धूर बाहेर सोडणारी. चार सिलिंडर, आठ झडपा. खाली इंजिनाच्या पोटात एक दांडा फिरतो, त्याच्यावर उंचवटे असतात. उंचवटा आला की तो टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट एका लांब सळीला, सळी वरच्या रॉकरला आणि रॉकर सीसॉसारखा कलून झडपेच्या डोक्यावर दाब देतो. झडप उघडते. उंचवटा गेला की स्प्रिंग तिला पुन्हा बंद करते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तेव्हा प्रत्येक झडप सेकंदाला पंचवीस वेळा उघडझाप करते. हे ऐकून आई म्हणाली होती, 'बाई गं, दम तरी कधी खाते?'

आता या रॉकरच्या आणि झडपेच्या मध्ये थोडी फट ठेवावी लागते. का, ते कळायला आपल्या कोकणातल्या किंवा सह्याद्रीकडच्या घरांची दारे आठवा. पावसाळ्यात लाकूड फुगते. जाणता सुतार उन्हाळ्यात दार बसवताना चौकटीत किंचित फट ठेवून देतो. नवशिका सुतार दार अगदी चपखल बसवतो, सगळे वाहवा करतात आणि आषाढात ते दार लागत नाही. लोखंडाचे फुगणे उष्णतेने. धूर सोडणारी झडप इंजिन जोरात असताना सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापते, तिची दांडी लांबते. आधीच फट नसेल तर लांबलेली दांडी रॉकरला जाऊन टेकते आणि झडप पुरती मिटत नाही. दिसत नाही इतकी उघडी राहते.

आणि तिथेच घात होतो. कारण झडपेला थंड व्हायला मुख्य जागा असते, तिची बैठक. मिटून बैठकीवर टेकली की तिच्या अंगातली उष्णता बैठकीतून इंजिनाच्या पाण्याकडे जाते. टेकलीच नाही तर उष्णता जाणार कुठे? वर त्या बारीक फटीतून पेटलेला वायू ज्योतीसारखा निसटत राहतो. काही दिवसांनी झडपेची कड करपते, मग तिला खाच पडते. डिझेल इंजिनाला हे अधिकच महागात पडते, कारण त्याला पेट्रोल गाडीसारखा ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा दाबून दाबून पाचशे अंशांच्या वर तापवायची आणि त्यात डिझेल फवारायचे, म्हणजे ते आपोआप पेटते. हवा बाविसाव्या-तेविसाव्या हिश्शात दाबली जाते. झडप गळकी असेल तर हवा दाबली जाणार कशी?

फट जास्त झाली तर? तर आवाज होतो. टक्-टक्-टक्, शिवणयंत्रासारखा. झडप थोडी उशिरा उघडते, थोडी कमी उघडते, रॉकरचे तोंड झिजते. वाईट हेही, पण तो ओरडून सांगणारा वाईटपणा असतो. कमी फटीचा वाईटपणा मुका. मिरजेत आप्पांचे एक जुने मिस्त्री होते, त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. कोणी नवा गाडीवाला टॅपेटच्या आवाजाची तक्रार घेऊन आला की ते हातातला चहा खाली न ठेवता म्हणायचे, 'वाजू दे की वो. वाजतंय म्हंजे जित्तं हाय. गप बसलं की माझ्याकडं या.'

आप्पा हे काम शिकले ते गाडीवर नाही, गिरणीवर. वीज भरवशाची नव्हती त्या काळात गिरणी एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर चालायची. किर्लोस्करांच्या मुलखातले आम्ही, गावोगाव ती इंजिने. त्यांचा पुक्-पुक् आवाज शिवारात दूरवर जायचा आणि बायका दळणाचे डबे डोक्यावर घेऊन निघायच्या. पुढे मोटार बसली, पण भारनियमनाच्या वर्षांत इंजिनाला पुन्हा दिवस आले. आप्पा १९७८ ते २०१५ त्या खोलीत उभे होते. एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला दगडाची जाती आणि पट्ट्याची फडफड. कानात कधी बोळा घातला नाही. घालायचा असतो हे कोणी सांगितलेही नव्हते.

गाडीचे टॅपेट वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी. तो आमच्या घरातला एक सणच होता म्हणा ना. आदल्या संध्याकाळपासून गाडी हलवायची नाही, कारण त्या इंजिनाची फट थंड असताना मोजायची असते. सकाळी बॉनेट उघडून आप्पा टॅपेट कव्हर फडक्याने पुसून काढायचे. उघडल्यावर आत एक कण मातीचा पडता कामा नये. कव्हरचे नट काढून ते बशीत ठेवायचे. ती बशी आईची चांगल्यातली असायची, त्यावरून वाद व्हायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच बशी यायची.

मग माझे काम. आठ झडपांपैकी जिची फट मोजायची ती पूर्ण मिटलेली आणि खालचा उंचवटा तिच्यापासून अगदी दूर असायला हवा. ते ओळखायचे कसे? त्याला नवाचा नियम आहे. पुढून मागे एक ते आठ आकडे द्यायचे. आठवी झडप पूर्ण दाबलेली दिसली की पहिलीची फट मोजायची. सहावी दाबलेली असेल तर तिसरीची, चौथी असेल तर पाचवीची, सातवी असेल तर दुसरीची. दोघींची बेरीज नेहमी नऊ. मग उलट, पहिली दाबली असता आठवीची, तिसरी दाबली असता सहावीची, आणि पुढे तसेच. (हा नियम या इंजिनाचा आणि याच्यासारखी झडपांची मांडणी असलेल्या इंजिनांचा. तुमच्या गाडीला तो लागेलच असे नाही, तिचे पुस्तक पाहावे.) गणितात मी बेताचीच, पण नवातून वजा करणे मला झोपेतही चुकत नाही, ते या इंजिनामुळे.

इंजिन फिरवायचे तर हाताने ते फिरत नाही, दाब फार. म्हणून डिझेल बंद करायची नॉब ओढून ठेवायची, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची आणि मागून ढकलायची, बोटबोटभर. आम्ही तिघी बहिणी मागे, आप्पा पुढे इंजिनात डोके घालून. 'हं... अजून... अजून... बास!' एक बोट जास्त गेले तर 'बास म्हटलं ना!' मग पुन्हा पूर्ण चक्कर.

फट मोजायला फीलर गेज. पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा पंखा असतो तो, प्रत्येक पट्टीवर जाडी कोरलेली. आमच्या इंजिनाला आप्पा पंधराची पट्टी धरायचे. पंधरा थाऊ, म्हणजे इंचाच्या हजार भागांतले पंधरा. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर ०.३८. वहीचे चार कागद एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी, साधारण तेवढी. पट्टी रॉकर आणि झडपेच्या मध्ये सरकवायची. ती सैल सुळकन् गेली तर फट जास्त, अडली तर कमी. बरोबर असली की पट्टीला किंचित ओढ लागते. ही ओढ शब्दांत सांगता येत नाही. आप्पांनी माझा हात धरून ती दाखवली होती. भरलेल्या पुस्तकाच्या पानांतून खूण म्हणून घातलेला जाड कागद ओढताना हाताला जे लागते, त्याच्या जवळपासचे ते आहे.

फट बदलायची तर रॉकरच्या मागच्या टोकाला स्क्रू असतो आणि त्यावर एक नट. पान्याने नट सैल करायचा, पेचकसाने स्क्रू फिरवायचा, ओढ बरोबर लागली की पेचकस घट्ट धरून नट आवळायचा. आणि मग पुन्हा पट्टी घालून पाहायची, कारण नट आवळताना स्क्रू थोडासा फिरतोच. घाईचा मिस्त्री हे पुन्हा पाहणे टाळतो. रॉकरचे तोंड झिजून त्याला खळगा पडलेला असेल तर पट्टी खळग्याच्या दोन काठांवर टेकते आणि खरी फट जास्त असूनही पंधरा दाखवते, हीही एक गोम आहे. शेवटी कव्हर लावताना खालचे बुचाचे गॅस्केट नीट बसवायचे आणि नट बेताने आवळायचे. ताकद दाखवली तर बूच चेपते आणि तेल गळू लागते. आमच्या अंगणातल्या फरशीवर एका दिवाळीचा डाग आहे, तो माझ्या थोरल्या भावजींच्या ताकदीचा.

हे सगळे इतक्या बारकाईने सांगितले, कारण पुढे आप्पांनी ते सोडून दिले. आम्ही मुली आपापल्या घरी गेलो, मी पत्रकारितेची पदविका करून दिल्लीला नोकरीला लागले, गाडी ढकलायला कोणी राहिले नाही. चाचांनी गॅरेज मुलाकडे दिले. आप्पा म्हणायला लागले, 'दरवर्षी कशाला उघडायचं? कान आहे की मला. आवाज बदलला की कळतंय.' आणि एके काळी ते खरेही होते. गिरणीत जात्याचा दगड बोथट झाला की पिठाला हात न लावता त्यांना ऐकून कळायचे.

फट नेहमी वाढतेच असे नाही, हे इथे सांगायला हवे. रॉकर, सळी यांची झीज झाली तर फट वाढते. पण झडपेची आणि तिच्या बैठकीची झीज झाली तर झडप हळूहळू आत रुतते, तिची दांडी वर येते आणि फट कमी कमी होत जाते. आमच्या गाडीत हेच चालले होते. टक्-टक् हळूहळू मंदावली. शेजारी म्हणू लागले, 'आप्पा, गाडी कसली गप चालतीया!' आप्पा खूश. फोनवर मला सांगायचे, 'इंजिन आता मुरलंय बघ. लोणच्यासारखं.'

इंजिन गप होत होते ते खरेच. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट गप होत होती, ती आप्पांच्या लक्षात यायला काही मार्ग नव्हता.

२०२२ च्या पावसाळ्यात आप्पा-आई गाडीने कोल्हापूरला, पुढे पन्हाळ्याला निघाले. चढावर गाडीने मान टाकली. थांबून, थंड करून, पुन्हा चढवली. नंतर काही आठवड्यांनी थंड इंजिन सुरू होईना. हीटर दोनदा-तीनदा तापवून सुरू झालेच तर मागे पांढऱ्या धुराचा ढग आणि इंजिन एका पायाने लंगडते आहे असे हालायचे. मी तेव्हा रजेवर आले होते. चाचांच्या मुलाने इंजिन सुरू ठेवून इंजेक्टरच्या पाइपांचे नट एकेक करून सैल केले. पहिल्याचा सैल केला, इंजिन आणखी लडखडले. दुसऱ्याचाही तसेच. तिसऱ्याचा सैल केला, काहीच फरक नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर कामच करत नव्हता. चाचा कोपऱ्यात खुर्चीवर बसून पाहत होते. त्यांनी विचारले, 'आप्पा, टॅपेट कधी बघितलासा?' आप्पा म्हणाले, 'आवाज तर अजिबात नाही की चाचा.' चाचा काहीच बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

हेड उतरवले तेव्हा तिसऱ्याची धुराची झडप कडेला करपून खाचलेली निघाली, उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी. आणखी दोन झडपांची फट पट्टी शिरणार नाही इतकी कमी होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बैठका कापून आणल्या, झडप एका जुन्या दुकानातून मिळाली, बाकीच्या पेस्ट लावून घासून बसवल्या. खर्चाचे काही विशेष नाही. पण त्या दिवशी गॅरेजात मी एक गोष्ट पाहिली. दुरुस्तीनंतर इंजिन सुरू झाले, आठही टॅपेट पंधराला लावलेले, छान टक्-टक् वाजत होते. आप्पा बॉनेटवर वाकून ऐकत होते आणि समाधानाने म्हणाले, 'बघ, अजूनपण किती गप आहे!'

त्या रात्री मी आईला विचारले. ती भांडी लावत होती. म्हणाली, 'तुला आज कळलं? चार वर्षं झाली. आधी मी मोठ्यानं बोलायचे. मग हे म्हणायचे, ओरडतेस कशाला. मग मी बोलायचंच सोडलं. लागेल तेवढं हातानं दाखवते.' मला आठवले, फोनवर आप्पा नेहमी म्हणायचे, आता तुझ्या आईचा स्वभाव किती निवळला आहे. घरात कसे शांत असते.

कानाच्या डॉक्टरांकडे न्यायला तीन महिने गेले. आप्पांचे म्हणणे, मला ऐकू सगळे येते, तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात बोलता. आणि गंमत म्हणजे यात थोडे तथ्य होते. मिरजेत तपासणी झाली, कानाचा आलेख निघाला. डॉक्टरांनी तो आम्हाला समजावून सांगितला. जाड, खालच्या पट्टीचे आवाज त्यांना जवळजवळ ठीक ऐकू येत होते. दोन हजार हर्ट्झच्या पुढे रेघ उतरू लागली होती आणि चार हजारापाशी खड्डाच पडला होता. वयाने कान जातात ते वरच्या पट्टीकडून. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचे चार हजाराच्या आसपास आधी जातात. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास कानावर पडत राहिला तर आतल्या सूक्ष्म केसांच्या पेशी मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आप्पांच्या बाबतीत दोन्ही कारणे एकत्र आली होती.

अशा माणसाला बोलणे ऐकू येते, पण कळत नाही. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते पोचतात. स, श, फ, थ, ट अशी व्यंजने वरच्या पट्टीत, ती गळून पडतात. 'साखर संपली' मधले नुसते आ-अ-अ-ई पोचले तर माणूस काय उत्तर देणार? बायकांचे आणि लहान मुलांचे बोलणे आधी हरवते ते यामुळेच. आणि टॅपेटची टक्-टक्ही त्याच वरच्या टोकाला. डिझेलची खालची धडधड आप्पांना स्पष्ट ऐकू येत होती, म्हणून त्यांना वाटत होते आपण इंजिन ऐकतो आहोत.

हे डॉक्टरांनी आप्पांना समजावले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हालचाल झाली. आईचे ऐकू येत नाही, यावर ते वाद घालत होते. टॅपेटचे ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांनी आलेखाचा कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि बराच वेळ पाहत बसले. 'म्हणजे मागच्या वेळी मी गप आहे म्हटलं तेव्हा ते वाजत होतं?' मी हो म्हटले. 'आणि तू सांगितलं नाहीस?' मी म्हटले, 'सांगायलाच तर इथं आणलं.' आई खुर्चीवर बसून छताकडे पाहत होती.

इथे वाचकांसाठी थोडे विषयांतर. कान तपासणे हे डोळे तपासण्याइतके साधे काम आहे. अर्धापाऊण तास लागतो, दुखत नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी बहुतेक मोठ्या रुग्णालयांत सोय असते. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना श्रवणयंत्रासारखी साधने देण्यासाठी केंद्र सरकारने २०१७ साली वयोश्री योजना सुरू केली. चष्म्याची आपल्याला लाज वाटत नाही, कानातल्या यंत्राची का वाटावी, हे मला अजून कळलेले नाही. आप्पांनी दोन वर्षे जाड भिंगाचा चष्मा कपाळावर मिरवला, पण यंत्र म्हणताच म्हणाले, 'गावात काय सांगू?' असो.

यंत्र आले २०२३ च्या उन्हाळ्यात. पहिले पंधरा दिवस घरात नुसती भांडणे. नळ किती वाजतो. पिशवीचा कागद किती वाजतो. कुकरची शिट्टी म्हणजे तर कानात सुई. मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला वेळ लागतो, सुरुवातीला दिवसातून थोडा वेळच लावा, असे सांगितले होते. पण आप्पांचा स्वभाव एकदम पूर्ण घालायचे नाहीतर डबीत ठेवायचे असा. ते डबीत जाऊ लागले. एका सकाळी मात्र ते यंत्र लावून बाजारात निघाले, गाडी सुरू केली आणि लगेच बंद करून घरात आले. 'टॅपेट वाजतायत. भयंकर वाजतायत. त्या पोरानं सेटिंग बिघडवलं.' आईने मला फोन लावून दिला. मी म्हटले, आप्पा, तुमचे गेज कुठे आहे?

गेज सापडले, पण गाडी ढकलायला माणूस नव्हता. चाचांचा मुलगा घरी आला, दोघांनी मिळून आठही तपासल्या. सगळ्या पंधरा. एक साडेचौदा म्हणावी अशी. आप्पांना ते पटायला वेळ लागला. त्यांनी स्वतः पट्टी ओढून पाहिली, पुन्हा पाहिली. हाताला लागणारी ओढ तीच होती, जी त्यांना तीस वर्षे माहीत होती. कानाचे म्हणणे काही असो, हात खोटे बोलत नव्हता.

आता वर्षातून एकदा उघडायचे, हे ठरून गेले आहे. आवाज आला तरी आणि नाही आला तरी. नव्या मोटारींना ही यातायात नसते. पुष्कळ इंजिनांत तेलाच्या दाबावर फट आपोआप भरून काढणारे टॅपेट असतात. माझ्या जावेच्या डिझेल गाडीत तसेच आहेत. ती मला म्हणाली, 'आमची कधी उघडावी लागत नाही.' आप्पांनी हे ऐकून तिच्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले.

गेल्या दिवाळीआधी मी मुद्दाम चार दिवस लवकर गेले. थोरली बहीण आणि तिची दोन मुले आली होती, त्यामुळे ढकलायला फौज होती. आईची बशी बॉनेटजवळ होती. आप्पांच्या कानात यंत्र होते, हातात पट्टी होती, आणि भाचा मागून ओरडून विचारत होता, 'आजोबा, नऊच का? दहा का नाही?' चौथी झडप तेराला आली होती. आप्पांनी ती सैल करून पंधराला लावली, नट आवळला, पुन्हा पाहिले, चौदा. पुन्हा सैल केली. तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, चिवड्याचे पोहे उन्हातून आत आणा म्हणून. आप्पांची मान त्या दिशेला वळली, म्हणजे ऐकू गेले होते. त्यांनी पट्टीवरून नजर न काढता मला विचारले, 'काय म्हणाली गं?'

मी म्हटले, 'पोहे आणायला सांगितले आहेत. तुम्हाला.'

'बरं,' ते म्हणाले. 'आठवी दाबू दे आधी. पहिली राहिलीय.'